क्रेनवरचा हात

आमच्या घरात पैसा दारूच्या वाटेने आला. हे मी देवासमोर बसून कबूल केलेलं आहे, तेव्हा इथे लिहायला लाज कसली.

दारूने संसार बुडतो असं सगळे सांगतात. बुडालेले मी पाहिलेही आहेत, आमच्याच गल्लीत. पण आमचा उलट उभा राहिला, आणि म्हणूनच मला तिची जास्त भीती वाटायची. बुडणाऱ्या घरातल्या बाईला निदान तक्रार तरी करता येते. मी कोणत्या तोंडाने करणार होते?

आमच्या ह्यांची विहिरी खोदायची क्रेन आहे. डिझेलचं इंजिन, त्यावर लोखंडी दांडा, दांड्यावरून सोडलेला तारेचा दोर आणि दोराला मोठी बकेट. खाली विहिरीत माणसं दगड भरतात, वर बसून हे बकेट ओढतात आणि काठाबाहेर फिरवून रिकामी करून देतात. क्रेन घेतली तेव्हा हे सुपारीसुद्धा खात नव्हते. पहिली दोन वर्षं क्रेन विहिरीवर कमी आणि आमच्या अंगणातच जास्त उभी राहिली. कारण ज्याला विहीर खोदायची असते, त्याला आमच्यात पार्टी म्हणतात, ती पार्टी सौदा शेतात करत नाही. सौदा होतो संध्याकाळी, रोडवरच्या ढाब्यावर, बसल्यावर. हे लिंबूपाणी घेऊन बसायचे. ह्यांच्याशी सगळे अदबीने बोलायचे आणि काम दुसऱ्याला द्यायचे. एकाने तर तोंडावर सांगितलं, दौलतराव, तुम्ही माणूस चांगले, पण जो आपल्यासंगं घेत नाही त्याच्या मनात काय चालू असते ते समजत नाही बुवा.

तिसऱ्या वर्षी ह्यांनी पेला उचलला. त्या उन्हाळ्यात सात विहिरी मिळाल्या.

पुढे घरावर स्लॅब पडला. निकिताला वाशीमच्या फार्मसी कॉलेजात घातलं. शेजारणी म्हणायच्या, पंचफुलाबाईच्या नेमधर्माचं फळ आहे हे. मी पहाटे उठून पोथीचा एक अध्याय वाचते, तुळशीला पाणी घालते, दिवा लावते आणि मग चुलीकडे वळते. बावीस वर्षांत एक दिवस चुकला नाही. शेजारणींचं मी मान खाली घालून ऐकून घ्यायची. फळ कशाचं आहे ते मला माहीत होतं.

संध्याकाळची होती ती दुपारची कधी झाली कळलं नाही, आणि गेल्या दिवाळीपासून ती सकाळचीही झाली. हे कधी तोल जाऊन पडले नाहीत, मला शिवी दिली नाही, हात उगारला नाही. फक्त सकाळी उठल्यावर शर्टाची बटणं लागायची नाहीत. मग हे पाण्याच्या टाकीमागे जायचे, दोन घोट घेऊन यायचे, आणि तीच बोटं अशी स्थिर व्हायची की सुईत दोरा ओवून घ्यावा. ह्यांच्या हाताचं नाव होतं. भरलेली बकेट पन्नास फुटांवरून वर येताना भिंतीला घासत नसे, खाली टेकताना आवाज करत नसे. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा लखीराम आणि त्याच्या शेजारचा हेमला ह्या हातावर विश्वास ठेवून विहिरीत उतरायचे. दुसऱ्या कोणाच्या क्रेनवर ते जात नसत. लखीरामचा धाकटा भाऊ सोमला वर बकेट रिकामी करायचा. तो माळकरी, थेंबाला शिवत नाही. उतरायच्या आधी बाकीचे दोघं घेतात, आणि उतरणाऱ्याला मजुरी जास्त. सोमला वरच राहायचा आणि कमी घ्यायचा. लखीराम त्याला चिडवायचा की तुझ्या भक्तीची किंमत रोज संध्याकाळी मजुरी घेताना मी मोजतो.

मला वाटायचं, कोणीतरी हे थांबवलं पाहिजे. मग वाटायचं, थांबवलं तर खायचं काय. अशी पाच वर्षं गेली.

यंदा ज्येष्ठ अधिक आला. धोंड्याचा महिना. ह्या महिन्यात जावयाला बोलावून धोंड्याचं जेवण घालतात आणि तेहतीस अनारशांचं वाण देतात. जावई त्या दिवशी देवाच्या ठिकाणी. माझं माहेर शिरपूरचं. आईने पहिल्याच रविवारी बोलावलं. जायच्या आधी मी फोनवर आईजवळ रडले होते, आणि पुढे जे झालं ते आम्हा दोघींचं ठरलेलं होतं. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नव्हतं.

जेवणं झाली. आईने तांब्याच्या ताटात अनारसे मांडले, दिवा ठेवला आणि ताट ह्यांच्या हातात दिलं. मग ती म्हणाली, "जवाईबुवा, दर धोंड्याले आमी देतो. यंदा तुमी मले द्या."

हे हसले. "मांगा ना मामी."

"एक महिना सोडा. अधिकाचा महिना हाय. देवाले पाणी सोडून सांगा."

घरात माझे भाऊ, भावजया, लेकरं, सगळे होते. हातात वाण असताना नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. कोणाची कल्पना आहे ते त्यांना लगेच कळलं असावं, पण रागावलेले दिसले नाहीत. उलट दमलेल्या माणसाला कोणी बस म्हणावं तसा चेहरा झाला. त्यांनी ताट खाली ठेवलं, तळवा पुढे केला. आईने पाणी घातलं आणि त्यांनी ते ताम्हणात सोडलं. बोटं हलत होती. आई नंतर म्हणाली, पाह्य, मनातून सोडली माणसानं, हात कापत होता.

सोमवारी सकाळी त्यांनी घेतली नाही. टाकीमागची बाटली मीच उकिरड्यावर रिकामी केली. मला इतकं हलकं वाटलं की पोथी वाचताना हुंदका आला. संध्याकाळी ढाब्यावरून फोन आला, दौलतभाऊ, येता ना. ह्यांनी महिन्याची शपथ असल्याचं सांगितलं. पलीकडे कोणीतरी हसलं. मंगळवारी कळलं की बोलणं चाललेल्या दोन्ही विहिरी मंगरूळपीरच्या क्रेनवाल्याकडे गेल्या. ते कळलं तेव्हा हे चहाला बसले होते. चहाचा कप उचलला तर अर्धा चहा बशीत सांडला.

मंगळवारी दिवसभर त्यांनी काही खाल्लं नाही. बनियन घामाने भिजायचं, बदललं की पुन्हा भिजायचं. उन्हाळा आहे, मी म्हटलं. दुपारी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. माझ्यापेक्षा डोकंभर उंच माणूस, पण लेकरासारखा चौकटीला धरून.

"पंचफुले, एक झाकण घेऊ दे. औषधावानी. फक्त हात थांबाले."

मी हात जोडले. "पाणी सोडलं ना तुमी. देव परीक्षा पाहून राह्यला. दोन दिवस काढा, मंग हलकं होईन."

"तसं असन तर राहू दे," असं म्हणून ते परत फिरले. मी त्यांना तीर्थ दिलं. तेही सांडलं.

बुधवारी सकाळी हे पवनच्या विहिरीवर गेले. पवन म्हणजे आमच्याच गावचा तरुण शेतकरी, जऊळक्याच्या रस्त्याला त्याचं शेत. विहीर पन्नास फुटांवर आली होती, पाऊस यायच्या आत बांधून व्हायला हवी होती, आणि हाती आता तेवढं एकच काम उरलं होतं. मी डबा दिला. मोटारसायकल सुरू करताना ह्यांना तीनदा किक मारावी लागली. मला वाटलं, जाऊ नका म्हणावं. पण म्हटलं नाही. दोन कामं गेली होती, तिसरं गेलं असतं तर माझ्या शपथेमुळे गेलं असं झालं असतं.

बाराच्या सुमारास रूपाताई आल्या. त्या उपकेंद्रातल्या सिस्टर, बौद्ध वस्तीत राहतात. शाळेत माझ्या दोन वर्षं पुढे होत्या, म्हणून मला अजून अगंतुगं करतात. महिन्यातून एकदा माझं बीपी पाहायला येतात. पट्टा दंडाला बांधताना मी त्यांना सांगितलं, हौसेने सांगितलं, आज तिसरा दिवस, ह्यांनी थेंब घेतला नाही.

त्यांनी फुगा दाबायचा थांबवला. "एकदम सोडली?"

"व्हय. अधिकाची शपथ घातली."

"रोज किती घेत होते? सकाळपासून?"

मी सांगितलं. त्यांनी माझ्या दंडाचा पट्टा सोडला, बीपी न पाहताच. "हात कापते काय? घाम? काही दिसते काय, जे तुले दिसत नाही?"

पहिल्या दोन्हींना मी हो म्हटलं. तिसऱ्याला मी म्हणाले की सकाळी चप्पल झटकत होते, मुंग्या आहेत म्हणाले, मला दिसल्या नाहीत.

रूपाताई शांतपणे बोलल्या आणि त्या शांतपणाचीच मला भीती वाटली. "पंचफुला, इतक्या दिवसापासून पेणारा माणूस अशी एका दिवसात सोडत नसते. दवाखान्यात नेऊन, गोळ्या देऊन सोडवा लागते. नाही तं फिट येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच येते. माणूस जाते बी. कुठी हायेत ते?"

"पवनच्या विहिरीवर."

"खाली उतरले?"

"नाही, वर. क्रेनवर. खाली लखीराम अन् हेमला हायेत."

त्यांनी बॅग उचलली, मी चप्पल घातली की नाही ते आठवत नाही. घराला कुलूप लावलं नाही. त्यांच्या स्कूटीवर मागे बसून मी ह्यांना फोन लावत राहिले. घंटी जात होती. इंजिनजवळ फोन ऐकू येत नाही हे मला माहीत होतं, तरी लावत राहिले. सोमलाचाही लागला नाही. रस्त्यावर डांबर वितळलेलं, वारा तोंडावर भाजत होता. मी देवाचं नाव घ्यायचा प्रयत्न केला. जे शब्द बावीस वर्षं रोज तोंडात आहेत त्यातला एकही आठवेना. तोंडात फक्त आईचं वाक्य येत होतं, मनातून सोडली माणसानं, हात कापत होता.

शेताच्या बांधावर पोचलो तेव्हा इंजिन चालू होतं. मला बरं वाटलं. मग लक्षात आलं की इंजिनाचा आवाज एकाच सुरात येतो आहे. बकेट ओढताना तो जड होतो, सोडताना हलका होतो, लग्न झाल्यापासून नाही तरी क्रेन आल्यापासून तो मला पाठ आहे. हा आवाज जागच्या जागी उभा होता.

सोमला काठावर वाकून खाली पाहत होता. पवन त्याच्या मागे. दोर ताठ, दांडा किंचित वाकलेला. मी काठाजवळ गेले. खाली, विहिरीच्या निम्म्यावर, दगडांनी भरलेली बकेट लटकत होती आणि तिच्या कडेवर पाय ठेवून, दोर धरून लखीराम उभा होता. जेवायच्या सुट्टीसाठी तो वर येत होता. भरल्या बकेटवर उभं राहून वर यायचं नसतं, पण ह्यांच्या हातावर सगळे येतात. त्याच्याही खाली, तळाशी, हेमलाचं डोकं दिसत होतं. तिथे अंग चोरायला जागा नव्हती. जे पडलं असतं ते त्याच्यावरच पडलं असतं.

"काहून थांबली?" मी सोमलाला विचारलं.

"मायीत नाही, वयनी. आवाज देऊन राह्यलो तं भाऊ पाहूनच नाही राह्यले."

मी क्रेनकडे वळले. हे बैठकीवर बसलेले, दोन्ही हातांनी ब्रेकचा दांडा छातीशी ओढून धरलेला. खांद्यापासून बोटांपर्यंत दोन्ही हात थरथरत होते आणि त्यांच्याबरोबर दांडाही. चेहरा ओला, डोळे दोरावर. मी हाक मारली. माझा आवाज मुळातच बारीक. इंजिनात तो मलाही ऐकू आला नाही. मी चाकाला धरून वर चढले, त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"निकिताचे बाबा."

त्यांनी मान वळवली नाही. "पंचफुले, दोरावर मुंग्या चढून राह्यल्या. लाल. पाह्य, खाली उतरून राह्यल्या माह्या हाताकडे." आणि डावा हात दांड्यावरून उचलला, झटकायला.

दोर हातभर घसरला. खालून लखीरामचा आवाज आला, शब्द नव्हता तो.

मी त्यांचा डावा हात धरून पुन्हा दांड्यावर ठेवला आणि माझे दोन्ही हात त्यावर ठेवले. "येऊ द्या मुंग्या. मी झाडते. तुमी सोडू नका. मी हाय ना झाडाले."

आणि मी झाडत राहिले. एका हाताने दांडा दाबून दुसऱ्याने त्यांच्या मनगटावरच्या, दंडावरच्या, नसलेल्या मुंग्या. "ही गेली. ही पण गेली." ते माझ्या बोटांकडे पाहत होते. झाडते त्या जागी मुंगी खरंच नाहीशी होत असावी, कारण दरवेळी त्यांचा श्वास जरासा खाली यायचा.

रूपाताईंनी सोमलाला काय सांगितलं मला ऐकू आलं नाही. तो दुसऱ्या बाजूने चढला आणि दातेरी चाकात लोखंडी खिट्टी मारली. आता दोर सुटणार नव्हता. मग त्याने इंजिन मंद केलं. मी ह्यांचे हात एकेक बोट करून दांड्यावरून सोडवले. बोटं मिटलेलीच राहिली.

पण लखीराम तसाच लटकत होता. खिट्टी काढायची तर आधी बकेट इंजिनाने किंचित वर घ्यावी लागते, मग क्लच सोडत ओढावं लागतं. त्या वेळी एक झटका बसला तर वर उभा असलेला माणूस जातो. सोमलाने गेल्या वर्षी एकदा करून पाहिलं होतं आणि बकेट भिंतीवर आपटली होती. तेव्हा ती रिकामी होती. आता त्याने नुसती मान हलवली. "भाऊ हाय माहा खाली. मी नाही हात लावत."

पवनने मंगरूळपीरच्या क्रेनवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, दोन तास. मी विहिरीत पाहिलं. लखीरामने पँटचा पट्टा काढून दोराला आणि स्वतःला बांधला होता. डोक्यावर ऊन सरळ होतं, तारेचा दोर हाताला पोळत असणार, तो दर थोड्या वेळाने हात बदलत होता. दोन तास कोणी काढले नसते.

"सिस्टर," पवन हळूच म्हणाला, "माह्या डिक्कीत पव्वा हाय. संध्याकाळसाठी ठेवला होता. थे देल्ली तं भाऊचा हात थांबते. मी पाह्यलं हाय."

रूपाताईंनी एकदा विहिरीत वाकून पाहिलं. मग माझ्याकडे वळल्या. "हात थांबल. इलाज नाही तो, वीस मिनिटाचं काम हाय. लखीराम वर आला की थेट वाशीमच्या दवाखान्यात. मी सिस्टर म्हणून हो म्हणू शकत नाही, पंचफुला. नाही बी म्हणत नाही."

मी ती बाटली हातात घेतली. सोमवारी उकिरड्यावर ओतली तेव्हा वास आला नव्हता की मी घेतला नव्हता, आता तो नाकातून डोक्यात गेला. डब्याच्या झाकणात ओतली आणि ह्यांच्या तोंडाजवळ नेली.

त्यांनी तोंड फिरवलं.

"नाही. महिना हाय. मामीले शब्द देल्ला."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी पुन्हा नेलं. ओठ घट्ट मिटून त्यांनी मान हलवली, डोळ्यांत पाणी. काल ज्याने दारात उभं राहून एक झाकण मागितलं होतं तोच माणूस आज घेत नव्हता, आणि तळमळत होता, आणि घेत नव्हता. त्यांना वाटत होतं मी परीक्षा पाहते आहे. मीच तसं सांगितलं होतं.

"ऐका," मी म्हणाले. "शपथ माही होती. मी अन् मायनं मिळून तुमच्यावर घातली, ताट हातात देऊन. तुमी नाही घेतली. मोडली तं मी मोडून राह्यली. पाप लागन थे मले लागन. लखीराम खाली हाय. प्या."

इतक्या मोठ्या आवाजात मी जन्मात बोलले नसेन. काठावरून पवनने वळून पाहिलं. खालून लखीरामचा आवाज आला, कोरडा, फाटका, "दौलतभाऊ, वयनी एवढं म्हणून राह्यली तं घ्या ना. अन् मले बी ठेवजा एक घोट."

ह्यांनी तोंड उघडलं. मी पाजली. सगळं झाकण, मग अर्धं, मग रूपाताईंनी हात आडवा केला.

नंतरची वीस मिनिटं कशी गेली ते मी सांगू शकत नाही. मी मुंग्या झाडत होते. सोमला काठावर पालथा पडून भावाशी त्यांच्या बोलीत बोलत होता, मधेच हसवत होता, आणि स्वतःचा चेहरा मातीत लपवत होता. एकदा लखीरामचा पाय कडेवरून निसटला आणि पट्ट्यावर लोंबकळून त्याने तो परत टेकवला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ह्यांच्या बोटांकडे लक्ष गेलं. करंगळी थांबली होती. मग हळूहळू बाकीची. शेवटी अंगठा. ह्यांनी तळवा उघडला, मिटला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "लखीराम कुठी हाय?"

मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण असली भीती मला आयुष्यात वाटली नव्हती, तो हात थांबताना पाहून. इतकी वर्षं ज्या हाताचं कौतुक ऐकलं तो ह्यांचा नव्हताच का, असं मनात आलं.

ह्यांनी खिट्टी काढली. मला वाटलं झटका बसेल. बसला नाही. बकेट सरळ रेषेत वर आली, काठाबाहेर फिरली आणि आवाज न करता टेकली. सोमलाने भावाला कमरेतून उचलून बाजूला घेतलं. लखीरामचे तळवे सोललेले होते. तो ह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून जरा वेळ उभा राहिला. मग रिकामी बकेट पुन्हा खाली गेली आणि हेमला वर आला. तो काठावरच उकिडवा बसला आणि ओकला. ह्यांनी इंजिन बंद केलं आणि उतरताना माझ्या खांद्याचा आधार घेतला.

पवनच्या बोलेरोत रूपाताई पुढे बसल्या, मी ह्यांना धरून मागे. पवनने हलकेच विचारलं, दोन दिवसांत उरलेलं होईल ना, पाऊस येऊन राह्यला. रूपाताईंनी त्याला रस्ता पाहायला सांगितलं.

वाशीमच्या दवाखान्यात ह्यांना भरती केलं. सलाइन, इंजेक्शन, गोळ्या. माझी शिव्या खायची तयारी होती, डॉक्टरांनी दिल्या नाहीत. म्हणाले, इथे ठेवू, गोळ्यांवर हळूहळू उतरवू. घरी गेल्यावर मात्र ह्यांना पुन्हा त्या लोकांत बसवू नका, एक दिवससुद्धा नाही. मी हो म्हणाले. ते लोक म्हणजे आमचं काम, हे त्यांना कसं सांगायचं?

पाच वाजता ह्यांचा फोन वाजला. हे झोपले होते. मंगरूळपीर रोडचे एक मोठे शेतकरी, नाव मी ऐकून होते. दोन विहिरी द्यायच्या आहेत म्हणाले. मंगरूळपीरची क्रेन अडकली आहे, दौलतरावांना पाठवा ढाब्यावर आठ वाजता, बसून पक्कं करू.

मी खाटेकडे पाहिलं. निकिताचं शेवटचं वर्ष बाकी होतं. हो म्हणून, उद्या फोन करायला सांगता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

"ते येणार नाहीत," मी म्हणाले. "आज नाही अन् यापुढेही बसणार नाहीत. काम द्यायचं असलं तर दिवसा घरी या. पण ह्या उन्हाळ्यात क्रेन बंद आहे."

ते रागावले नाहीत. "बरं वहिनी, पाहू मंग," म्हणाले. त्या 'पाहू'चा अर्थ मला पहिल्या दोन वर्षांपासून ठाऊक आहे.

फोन ठेवून वळले तर ह्यांचे डोळे उघडे.

"कोण होतं?"

खोटं बोलता आलं असतं. मी सगळं सांगितलं, दोन विहिरी होत्या, मी नाही म्हटलं. ह्यांनी छताकडे पाहिलं.

"किती खोल?"

"विचारलं नाही."

"साठ फूट असन," ते म्हणाले. "तिकडे काळा दगड लागते." त्यांनी डोळे मिटले. राग आला होता की नाही मला कळेना, आणि विचारायची हिंमत झाली नाही. मग ते खाटेवर जरा भिंतीकडे सरकले.

"बस. उभी काहून हायेस?"